सारखी पालेभाजी

परवा ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर फाईल, फाईलवर प्लास्टिकची पिशवी, चेहऱ्यावर नव्या पेशंटचा भांबावलेपणा. माझ्या ओढणीआडून येणारी टिकटिक त्यांनी ऐकली आणि ओळखलं, की ही आपल्यातलीच. इकडेतिकडे बघून त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पालेभाजी खाता?" बायका सहसा दुसऱ्यांच्या सुनांबद्दल ज्या आवाजात बोलतात, तो आवाज.

"रोज खाते," मी म्हटलं.

त्यांचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं आणि बोलणं तिथेच राहिलं. मला त्यांना जे सांगायचं होतं ते इथे लिहितेय.

मी डॉक्टर नाही. वागळे इस्टेटमधल्या, इलेक्ट्रिक स्विच बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी माल तपासते. माझ्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी मला जन्मभर घ्यायची आहे. आणि मी मटण, मासे, अंडी तर सोडाच, दूध-दही-तूपही खात नाही. ताटात उरतं ते सगळं जमिनीतून उगवलेलं. ही गोळी आणि हे ताट एका घरात नांदतील का, यावरून आमच्याकडे जे रामायण झालं, ते हे.

रेडकू

माझं माहेर मोहन्याचं. आमच्या चाळीमागे म्हशींचा तबेला होता. नर रेडकू झालं, की त्याला कोपऱ्यात बांधून ठेवायचे. दूध विकायचं असायचं, त्यामुळे त्याच्या वाट्याला यायचं नाही. असं एक रेडकू मी शाळेत जाता-येता बघायचे. एक दिवस ते उठलंच नाही.

लहान होते, विसरले. पण पुढे माझी मुलगी ईशा झाली, तिला पाजायला घेतलं आणि ते रेडकू डोळ्यांसमोर आलं. त्या दिवसापासून दूध घशाखाली उतरेना. मी कुणाला उपदेश केला नाही, मोर्चा काढला नाही. चहा काळा प्यायला लागले, मासे-मटण सोडलं, एवढंच.

सासर कोपरचं, मूळ गुहागरकडचं. घरात मासे म्हणजे जीव की प्राण. नवरा, राजन, माझ्या जेवणाला 'घासफूस' म्हणतो. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, पहिले दोन महिने मला खूप समजावलं आणि मग एक दिवस माझ्यासाठी वेगळा तवा आणून ठेवला. त्यांच्यात आणि माझ्यात तह झाला तो असा.

गाईची की लोखंडाची

कारखान्यात माडीवरच्या स्टोअरला जायला लोखंडी जिना आहे. तो चढताना मला मध्येच थांबावं लागू लागलं. मग सपाटीवरही धाप लागायला लागली. वय झालं म्हणावं तर पंचेचाळिशीही ओलांडलेली नव्हती. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात छातीवर गार जेल लावून इको काढला. काढणारी मुलगी आधी माझ्याशी गप्पा मारत होती, मग एकदम गप्प झाली. पेशंटला रिपोर्ट वाचता येत नाही, पण ही गप्प होण्याची भाषा बरोबर कळते.

डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का?"

यायचा. माहेरची आई मिठाच्या गरम पाण्याने शेकायची आणि शाळेला चिठ्ठी द्यायची. तो ताप सांध्यातून गेला आणि झडपेवर जाऊन बसला होता. इतकी वर्षं झडप आतल्या आत जाड होत, चिकटत गेली होती. बदलण्यावाचून इलाज नव्हता.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? छाती उघडणार, हृदय थांबवणार, एवढेच शब्द कानात फिरत राहिले. राजन माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. तो फार घाबरला की असंच करतो.

डॉक्टर म्हणाले, "झडपा दोन प्रकारच्या असतात. एक धातूची. ती टिकते, पण गोळी कायम. दुसरी जनावराच्या ऊतीपासून बनवतात, गाईच्या नाहीतर डुकराच्या. तिला गोळी कमी दिवस, पण काही वर्षांनी ती बदलावी लागते."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "डॉक्टर, ही गाईचं दूध घेत नाही, गाईची झडप कुठची घेते!"

डॉक्टर खो-खो हसले. म्हणाले, "आजी, वयाकडे बघता मी धातूचीच सांगणार होतो." त्या दिवशी त्या खोलीत आम्ही सगळे हसलो, याचं मला आजही नवल वाटतं.

तीन गोळे आणि काळा चहा

ऑपरेशनबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी तिथे नव्हतेच. जाग आली तेव्हा तोंडात नळी होती आणि कुणीतरी माझं नाव मोठ्याने घेत होतं.

नंतरचे दिवस सगळे सारख्याच चेहऱ्याचे. पहाटे रक्त घ्यायला यायचे, मग स्पंजिंग, मग व्यायाम शिकवणारी मुलगी. ती माझ्या हातात प्लास्टिकचं एक खेळणं द्यायची. त्यात तीन गोळे. श्वास आत ओढून ते वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. खोकला आला की उशी छातीशी कवटाळून खोकायचं. शिंक आली तर डोळ्यांसमोर तारे चमकायचे.

सकाळच्या चहाची गाडी यायची, त्यात दुधाचाच चहा. दोन दिवस मी नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी आपणहून काळा चहा घेऊन आल्या, वर लिंबाची फोड. "तुमच्या सासूनं सांगितलं. म्हणाली, हिचं सगळं उलटंच असतं." तो चहा मी घोट घोट करून पुरवला. त्याच दुपारी तिसरा गोळा वर गेला.

आणि हो, टिकटिक. धातूची झडप मिटताना वाजते, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. वॉर्डात शांतता झाली की मला वाटायचं, भिंतीवरचं घड्याळ किती मोठ्याने वाजतंय. मग लक्षात आलं, की घड्याळ मीच आहे.

एक शब्द

घरी सोडायच्या दिवशी आहाराच्या मॅडम आल्या. तरुण मुलगी, हसरी, पुढच्या पेशंटकडे जायची घाई. राजन खाली औषधं आणायला गेला होता. मी गुंगीत, टेकून बसलेली. ऐकायला आई.

"आजी, रक्त पातळ करायची गोळी आहे ना, म्हणून यांच्या पालेभाजीकडे लक्ष द्यायचं हं. बंद नाही करायची. सारखी खायची. आज खाल्ली, मग चार दिवस खाल्लीच नाही, असं अजिबात करायचं नाही. सारखी."

"सारखी," आईंनी मान डोलावली. "कळलं."

मीही ऐकलं. मलाही कळलं. वाचणाऱ्यालाही कळलं असेल. गंमत अशी, की आम्हाला तिघींना कळलेलं एक नव्हतं.

पाल्याचा महिना

आईंनी मनावर घेतलं की घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात पानांचा नुसता ढीग. सकाळी मेथीचे पराठे. दुपारी लाल माठ, वर कोथिंबिरीची हिरवी चटणी. चार वाजता पालकाचं सूप. रात्री शेपू, नाहीतर चवळीचा पाला, नाहीतर अळूचं फदफदं. मध्येच शेवग्याची पानं घालून थालीपीठ. भाजीवालीने आईंना विचारलं म्हणे, घरी काही कार्य आहे का.

राजन म्हणायचा, "आई, घरात शेळी पाळलीयस का?"

ईशा कल्याणला कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आजी, मम्मीला आता सरळ गॅलरीत उन्हात ठेव ना. स्वतःचं जेवण स्वतःच बनवेल. टेन्शनच नाही!"

"हसा तुम्ही," आई म्हणायच्या. "मॅडमनी सांगितलंय सारखी खायची म्हणून."

मी आनंदाने खात होते. माझं आवडतं जेवण, तेही औषध म्हणून, तेही आयतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घासफुशीला घरात मान मिळाला होता.

रक्त किती पातळ आहे ते बघायला आयएनआर नावाची तपासणी करतात. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता. तो दोनच्याही खाली आला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी खालीच. पुन्हा वाढवली.

"गोळी चुकत नाही ना?"

"नाही."

"खाण्यात काही बदल?"

"नाही डॉक्टर, तुमच्या मॅडमनी सांगितलंय तसंच चाललंय."

ही उत्तरं मी अगदी खरी देत होते.

घड्याळ बसलं

छातीचं हाड जुळेपर्यंत हात वर न्यायचे नसतात. त्यामुळे माझी वेणी आई घालायच्या. रोज सकाळी गॅलरीत मी पाटावर, त्या मागे खुर्चीवर. मला संकोच वाटायचा. सासूकडून वेणी घालून घ्यायची म्हणजे काय! त्यांना मात्र ते आवडायचं. केस विंचरता विंचरता माझी टिकटिक ऐकत राहायच्या. कधी त्या तालावर गुणगुणायच्या.

एके सकाळी त्यांचा हात मध्येच थांबला.

"शुभा, बोलू नको. जरा गप्प बस."

"काय झालं?"

"तुझं घड्याळ बसलंय गो. काल खणखण वाजत होतं. आज घोंगडीत गुंडाळल्यासारखं वाजतंय."

मी म्हटलं, तुमच्या कानांचं वय झालं आई. थोडी धाप लागत होती, पण ती मी कुणाला बोलले नव्हते. त्यांनी वेणी अर्धी सोडली आणि राजनला हाक मारली. "रिक्षा बोलव. आत्ता." तो म्हणाला, उद्या अपॉइंटमेंट आहेच ना. त्यावर आईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो चप्पल घालूनच मोकळा झाला. अर्ध्या वेणीने मी ठाण्याला पोचले.

झडपेला दोन पाकळ्या असतात, उघडझाप करणाऱ्या. पडद्यावर हलता एक्सरे दिसत होता. एक पाकळी नीट फडफडत होती. दुसरी अर्धी उघडून अडकत होती. तिच्या कडेला गुठळी धरली होती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "वेळेवर आलात. शिरेतून औषध सुरू करतो. पाकळी सुटली तर ठीक. नाही सुटली, तर पुन्हा छाती उघडावी लागेल. आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं."

पहिल्या ऑपरेशनचा टाका अजून लाल होता. मी त्यावर हात ठेवला आणि रडले. जोवर काय असतं ते माहीत नव्हतं, तोवर धीर होता. आता सगळं माहीत होतं.

एकसारखी

डॉक्टरांना कोडं पडलं होतं. इतकी गोळी देऊन रक्त पातळ का होत नाही? त्यांनी आईंना विचारलं, "आजी, घरी नेमकं काय काय खातात या?"

आईंनी अभिमानाने पाढा वाचला. मेथी, माठ, पालक, शेपू, चवळी, अळू, शेवगा. सकाळी, दुपारी, चारला आणि रात्री. "एक दिवस खंड नाही पडू दिला. तुमच्या मॅडमनी सांगितलं तशी, सारखी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आहाराच्या मॅडमना बोलावलं. त्या धावत आल्या, ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो आजी! सारखी म्हणजे एकसारखी! रोज तेवढीच! सारखी-सारखी नाही हो!"

मग मॅडमनी समजावलं. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं. गोळी त्याच्या उलट ओढते. दोघांची रस्सीखेच. डॉक्टर गोळी वाढवत होते, तशी आमच्या घरातून दुसऱ्या बाजूला रोज नवी माणसं दोरीला लागत होती. आणि आम्ही एकदम पाला बंद केला असता तर गोळी एकटीच जिंकली असती, रक्तस्राव झाला असता. म्हणून बंदही नको, जास्तही नको. एकसारखी.

मला रडावं की हसावं कळेना. 'सारखा' हा माझ्या रोजच्या कामातला शब्द. कारखान्यात आम्ही म्हणतो, "लॉट सारखा आलाय." म्हणजे पहिला नग तसाच शंभरावा. दिवसातून वीसदा तो शब्द त्या अर्थाने बोलणारी मी, आणि ताटासमोर बसल्यावर एकदाही विचारलं नाही, की सारखी म्हणजे कशी?

मॅडमच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी नीट सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आई मात्र खुर्चीत खचल्या होत्या. पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, "माझ्या हातानं झालं सगळं. मी भरवलं गो तुला. मीच भरवलं."

माझ्या एका हाताला सुई होती. दुसऱ्याने मी त्यांचा हात धरला. "आई, चुकीचं ऐकलं ते आपण दोघींनी. पण घड्याळ बसलेलं फक्त तुम्ही ऐकलंत. उद्यापर्यंत थांबलो असतो तर?"

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते. ते खरंच आहे. त्यांच्या कानांनी मला वाचवलं.

राजनचा बांगडा

औषध लागू पडलं. पाकळी सुटायला लागली, पण पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, "घरी जा. तीन महिन्यांनी पुन्हा एक्सरे बघू. तोवर आयएनआर जागेवर राहिला, तर उरलेली गुठळी विरून जाईल अशी मला आशा आहे. पुन्हा हेलकावे खाल्ले, तर मग ऑपरेशनचं बोलू."

घरी आल्यावर राजन फुटला. इतके दिवस खिडकीबाहेर बघत होता तो. "बस झालं हे! पाला बंद कर, दुधाचं सुरू कर, बांगडा खा. माणसासारखं जेव. ह्या घासफुशीपायी जीव जायची वेळ आली. त्या रेडकाचं पुरे झालं, आमच्याकडे बघ जरा."

मला राग आला, तसा उतरलाही. ती त्याची भीती बोलत होती. मी म्हटलं, "अहो, चूक पाल्याची नाही, मापाची झाली. मला हे तीन महिने द्या. पुन्हा अडकली तर तुम्ही म्हणाल ते खाईन. बांगडा आणा, मी खाईन." मी हे म्हणाले आणि मला स्वतःलाच धस्स झालं, कारण मी ते खरं करणार होते.

पुढच्या भेटीत त्याने डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मासे खा, नका खाऊ, माझी तक्रार नाही. यांचं जेवण पक्कं ठरू दे. गोळी मी त्या ताटाप्रमाणे बसवतो. फक्त ताट हलू द्यायचं नाही."

हे मला एकदम पटलं. आमच्याकडे मशीनही असंच बसवतात. आधी माल ठरतो, मग सेटिंग. सेटिंग झाल्यावर मालात बदल केला, की सगळा लॉट फुकट.

वाटी

मॅडमनी सांगितलं, रोज दुपारी एक वाटी शिजलेली पालेभाजी, चिमूटभर कोथिंबीर, बस. लगेच आईंनी विचारलं, "कुठली वाटी?"

आता त्या एकही शब्द सोडत नव्हत्या. मॅडमनी माप सांगितलं. आईंनी घरातल्या सगळ्या वाट्या काढल्या, पाणी घालून मोजल्या, एक निवडली आणि डोंबिवलीच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन तिच्यावर नाव घालून आणलं. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं: 'शुभांगी. एकसारखी.' दुकानदाराने विचारलं म्हणे, आहेर आहे का. आई म्हणाल्या, "हो. झडपेला."

मग आमचा वाद. भाजी चोपून भरायची की सैल? काठापर्यंत की काठाखाली? मी म्हटलं, चमच्याने सपाट, दाबायची नाही. "हां, तुझ्या कारखान्यासारखं," त्या म्हणाल्या आणि पुढे मीसुद्धा कधी दाबून भरली तर मला परत काढायला लावायच्या. माझा माल रिजेक्ट व्हायला लागला, तोही माझ्याच घरात.

सगळं सरळ झालं नाही. एकदा आकडा घसरला. शोध घेतला, तर शेजारच्या काकूंनी ताकदीसाठी दिलेल्या नाचणीच्या लाडवांत शेवग्याच्या पानांची पावडर. मी कौतुकाने रोज दोन खात होते. एकदा पोट बिघडलं, दोन दिवस भाताच्या पेजेवर होते, तर आकडा वर गेला आणि दात घासताना हिरडीतून रक्त थांबेना. बेसिन लाल बघून जीव घाबरा झाला. गोळी आपल्या मनाने बंद करावीशी वाटली. केली नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं.

माझ्यासारखी गोळी घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. माझी वाटी तुमच्या कामाची नाही. तुमची वाटी तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पण ठरवून घ्या. 'थोडी', 'बेताची', 'सारखी' या शब्दांवर घरी येऊ नका. लाज न बाळगता विचारा, म्हणजे किती? आणि कुणी काढा, चूर्ण, ताकदीचा लाडू दिला, तर आभार माना आणि आधी विचारा.

हळूहळू आकडा मधोमध येऊन बसला. एका आठवड्यात, दुसऱ्या आठवड्यात, मग पुढेही. राजन रिपोर्ट मोबाईलवर उघडायचा, बघायचा आणि मला दाखवायचा. त्याने घासफूस म्हणणं केव्हा बंद केलं ते मला कळलंच नाही.

ऋषीची भाजी

आणि आली ऋषिपंचमी.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ऋषीची भाजी होते. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा त्या दिवसाचा नेम. अळू, माठ, भोपळा, पडवळ, मका, सुरण, सगळं एका पातेल्यात. वर्षातला हा एक दिवस घरातल्या बायका माझ्या पंगतीला येतात, म्हणून मला तो फार आवडतो. दरवर्षी मी तीन वेळा वाढून घ्यायचे.

यंदा गुहागरहून राजनची आत्या आली होती. पंगत बसली. माझ्यापुढे केळीच्या पानावर ती नाव घातलेली वाटी, चमच्याने सपाट केलेली. दुपारची भाजी हीच, असं आधीच ठरलं होतं. ती संपली. वास असा सुटला होता, की मी पातेल्याकडे बघत राहिले.

आत्याने डाव उचलला. "एवढीशी काय खातेस गो? घे."

"नको आत्या, माझं पथ्य आहे."

"उपवासाच्या भाजीला कसलं पथ्य? देवाचं आहे ते. देव काय वाईट करणार आहे?"

माझा हात पुढे झाला होता, हे कबूल करते. एक डाव. वर्षातून एकदा. तेवढ्यात आईंचा हात मध्ये आला आणि डाव वरच्या वर अडला.

"वन्सं, तिची वाटी झाली."

"अगं, देवाचं..."

"देव समजून घेईल," आई म्हणाल्या. "झडप नाही घेणार."

आत्याने तोंड फुगवलं आणि डाव स्वतःच्या पानात रिकामा केला. ईशाने समोरून मला अंगठा वर करून दाखवला. भाजी मी आणखी खाल्ली नाही, पण त्या जेवणाइतकं माझं पोट कधी भरलं नाही.

लिफ्ट

तीन महिने झाले. एक्सरेच्या खोलीत मी आडवी, पडदा माझ्या डाव्या हाताला. बघू नये असं ठरवलं होतं. बघितलंच.

दोन पाकळ्या. दोन्ही उघडत होत्या, दोन्ही मिटत होत्या. कुठली अडकत होती ते मला ओळखता आलं नाही. मी तपासणी करणारी बाई, दोन नगांतला केसाएवढा फरक मला दिसतो. इथे फरक नव्हता.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पुढे ओढले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ऑपरेशन विसरा. पाकळी मोकळी आहे. आणि आयएनआर बघा, गेल्या दोन महिन्यांचा, अगदी..." ते शब्द शोधत थांबले.

"सारखा!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

राजन बाहेर आला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून रडला, खिडकीकडे नाही. मग कॅन्टीनमधून तीन काळे चहा घेऊन आला. स्वतःचाही काळा. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं, पण संपवला.

खाली जायला लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट भरलेली, सगळे गप्प, दारावरचे आकडे बघत. आणि त्या शांततेत माझी टिकटिक. खणखणीत. कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी आपलं मनगट कानाला लावून बघितलं. मग वर बघितलं, मग आमच्याकडे.

"कुणाचं घड्याळ आहे हो? केव्हाचं सारखं वाजतंय."

मी ओढणी सावरायला लागले. आईंनी माझा हात खाली केला आणि सगळ्या लिफ्टला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"घड्याळ नाही, सून आहे माझी. सारखीच वाजायला पाहिजे ती."